म्हातारपणातली ताकद गोळीतून येते का?

साठी उलटली की व्हिटॅमिनची बाटली घरात येतेच. ती वाईट नाही. पण तिच्याकडून ताकदीची अपेक्षा ठेवली जाते, आणि तिथेच गफलत होते.

अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. रहिवासी १००, सरासरी वय ८७. काहींना १० आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम, काहींना जीवनसत्त्वं, खनिजं आणि प्रथिनं घातलेलं पेय, काहींना दोन्ही, तर उरलेल्यांना दोन्हींपैकी काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी दुपटीच्या वर गेली. चाल वाढली, जिना चढणं सोपं झालं. नुसतं पेय घेणाऱ्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. गंमत म्हणजे मांडीचा स्नायू जेमतेम ३ टक्क्यांनी भरला होता. म्हणजे स्नायू आधीपासून होता, त्याला कामाला लावणाऱ्या नसांनी उजळणी केली, असंच म्हणायला हवं.

मग जीवनसत्त्वांचं काम काय? कमतरता असेल तर ती भरून काढणं. आणि उतारवयात ती होते, हे खरंच आहे. ‘ड’ जीवनसत्त्व उन्हामुळे त्वचेत तयार होतं, पण सत्तरीतली त्वचा तरुणपणाच्या निम्म्यानेही ते बनवत नाही. ते फार कमी पडलं की मांड्या आणि कंबरेचे स्नायू ढिले पडतात. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं!’ म्हणून भरमसाट डोस घ्यावा, तर तसंही नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदाच ‘ड’चे ५ लाख युनिट दिले गेले. २०१० साली निकाल आला: त्या इतरांपेक्षा जास्त वेळा पडल्या, हाडंही जास्त मोडली.

बी-१२ची गोष्ट वेगळी. अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सुटायला पोटातलं आम्ल लागतं, आणि वयानुसार अनेकांच्या जठराचं अस्तर झिजून आम्ल कमी होतं. आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनाही हा धोका असतो. बी-१२ कमी पडलं की पाय नेमका कुठे पडला हे मेंदूला कळवणाऱ्या नसा बिघडतात, त्यामुळे माणूस उजेडात ठीक चालतो आणि अंधारात झोकांड्या खातो. गोळीतलं बी-१२ मोकळंच असतं, त्याला आम्लाची गरज नाही. इथे गोळी खरोखर कामाची. बी-१२ची तपासणी न करता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड (हेही ‘बी’ गटातलंच जीवनसत्त्व) घेत राहिलं, तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं.

एकावर एक गोळ्या घेणाऱ्यांनी बी-६चा आकडा तरी वाचावा. हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ पोटात गेलं, तर पायांना बधिरपणा आणि मुंग्या येतात, आणि त्याच तक्रारीसाठी कित्येक जण ते घेत असतात.