झाड एक, नावं तीन: मेरी बार्बरची पार्श्वभूमी

वनस्पतींची अभ्यासक मेरी बार्बर जन्मली इंग्लंडमध्ये, १८१८ साली, पण दोन वर्षांची असतानाच घरचे १८२० च्या वसाहतवाल्यांसोबत दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केपमध्ये आले. शाळाबिळा काही नाही, वडिलांनीच शिकवलं. पुढे डब्लिनच्या एका प्राध्यापकानं केपच्या वनस्पतींवर पुस्तक काढलं आणि लोकांकडे नमुने मागितले, तेव्हा हिनं पाठवायला सुरुवात केली ती जवळपास १००० जातींपर्यंत. १८६९ मध्ये लंडनच्या एका मोठ्या संस्थेच्या जर्नलमध्ये तिचा ऑर्किडवरचा लेख छापून आला, मात्र त्या संस्थेत बायकांना सभासद व्हायला १९०४ उजाडलं! फुलपाखराच्या कोषावरचा पेपर तर खुद्द डार्विननं छापण्यासाठी पुढे पाठवला.

दगडी हत्यारं गोळा करायचा नाद घरातच होता, भावानं १८५८ मध्ये फिश नदीच्या मुखाजवळ वेचलेली हत्यारं दक्षिण आफ्रिकेतल्या पुरातत्त्वाची सुरुवात मानतात.

आता खरा घोळ. आपल्या कुंडीतल्या कोरफडीची एक नातेवाईक तिकडे १८ मीटरपर्यंत वाढते, चक्क झाड. बार्बरबाईंनी तिचे नमुने लंडनजवळच्या क्यू बागेत पाठवले आणि १८७४ मध्ये एका वनस्पतीशास्त्रज्ञानं नाव ठेवलं अ‍ॅलो बार्बेरे. त्याच वर्षी त्याच माणसानं एका चित्रकार-प्रवाशाच्या नमुन्यावरून त्याच झाडाला अ‍ॅलो बेन्सिआय केलं, म्हणजे झाड एक आणि बारशी दोन. पुढची कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी चित्रकाराचंच नाव राहिलं (बाईचं का नाही, हे विचारायला नको). शेवटी अग्रक्रमाच्या नियमानं (जे नाव आधी छापलं तेच खरं) बार्बेरे परत आलं, त्यात कुणाला तिच्याबद्दल कळवळा वगैरे काही नव्हता, नियम तसा होता म्हणून. २०१३ मध्ये वंशच (म्हणजे नावातला पहिला शब्द) बदलला, आता अ‍ॅलोइडेन्ड्रॉन बार्बेरे.

पण बार्बरबाईंनी या झाडाचा 'शोध लावला' असं कुणी म्हटलं की मला ते खटकतंच. तिथल्या लोकांना ती झाडं आधीपासून माहीत होती, आणि तिचे भाऊ सरहद्दीच्या लढायांत त्याच लोकांविरुद्ध लढले. जुलै २०२४ मध्ये माद्रिदला वनस्पतीशास्त्रज्ञांनी मतदान करून 'काफ्रा' हा आफ्रिकेतल्या काळ्या लोकांबद्दलचा अपमानास्पद शब्द २०० हून जास्त शास्त्रीय नावांतून काढला, त्याजागी 'अफ्रा' आलं. माणसांवरून ठेवलेल्या जुन्या नावांना मात्र हात लावला नाही, त्यामुळे बार्बेरे आहे तसंच.