राखणदार नसलेल्या फायली: जुन्या डेटाबेसच्या बिघाडामागची पार्श्वभूमी

गिरगाव, दादर, पार्ले इथल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की सोसायटीच्या ऑफिसातला धूळ खात पडलेला कॉम्प्युटर पुन्हा चालू केला जातो. सभासद नोंदवहीचा नमुना ‘आय’, सभासद यादीचा नमुना ‘जे’, कुठलं भागपत्र कोणाकडून कोणाच्या नावावर झालं, कोणाची थकबाकी किती, हे सगळं आता वकिलाला हवं असतं. कागदी वही मध्येच थांबलेली असते, कारण तिथून पुढचा कारभार कॉम्प्युटरवर गेलेला असतो. फाइल उघडायला जावं तर ‘नॉट अ टेबल’ किंवा ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉर्मॅट’ असा संदेश येतो. समिती म्हणते, डेटा गेला. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. तो नेमका कुठे अडकलाय हे कळायला या फायली कशा घडल्या ते माहीत असावं लागतं.

यातल्या जुन्या फायली डीबेस या नोंदी साठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या घराण्यातल्या. डीबेसचं मूळ अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी ‘व्हल्कन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. ॲश्टन-टेट कंपनीने तो ‘डीबेस टू’ म्हणून बाजारात आणला. 1984 मध्ये डीबेस थ्री आलं, मागोमाग त्याच घराण्यातले क्लिपर आणि फॉक्सबेस, 1989 मध्ये फॉक्सप्रो. मुंबईत पतसंस्था, सोसायट्या, वाचनालयं, दवाखाने, छोटे कारखाने यांचे हिशेब या प्रोग्रॅमच्या डीबीएफ फायलींत गेले. ओळखीच्या प्रोग्रॅमरने लिहून दिलेलं बिलिंग, मदरबोर्डपासून प्रिंटरच्या रिबनपर्यंत सगळं पुरवणारा लॅमिंग्टन रोड आणि एक फ्लॉपीचा डबा, एवढ्यावर काम चालायचं.

या सगळ्या व्यवस्था एका माणसाने एका मशीनवर वापरायच्या म्हणून रचलेल्या होत्या, आणि पुढच्या बहुतेक त्रासाचं मूळ इथेच आहे. नेटवर्क आलं तेव्हा फाइल एका मशीनवर ठेवली आणि बाकीची मशीन थेट त्या फायलीत लिहू लागली. पाच कारकुनांनी एकच खातेवही एकाच वेळी पुढ्यात ओढून लिहावी, आणि वहीजवळ बसून ‘आता तू, मग तू’ म्हणणारं कोणी नसावं, तशी ही रचना. मोठ्या डेटाबेसमध्ये फायलीला फक्त सर्व्हरवरचा प्रोग्रॅम हात लावतो, बाकीचे त्याच्याकडे मागणी करतात. अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घ्यायला त्याच्याकडे वेगळी नोंदही असते. डीबीएफ फायलीला असा राखणदार कधीच नव्हता.

डीबीएफची रचना मात्र इतकी सरळ आहे की बिघाड हाताने तपासता येतो. सुरुवातीला हेडर, म्हणजे फायलीची माहिती सांगणारा भाग असतो. त्याचे पहिले 32 बाइट ठरलेले. त्यात शेवटच्या बदलाची तारीख, एकूण नोंदींची संख्या, हेडरची लांबी आणि एका नोंदीची लांबी. पुढे प्रत्येक रकान्यासाठी 32 बाइट, मग एक खुणेचा बाइट, आणि त्यानंतर एकामागोमाग एक सारख्या लांबीच्या नोंदी. समजा सात रकाने आहेत. पूर्ण हेडर झालं 32 अधिक 224 अधिक 1, म्हणजे 257 बाइट. एक नोंद 96 बाइटची आणि फायलीचा आकार 1,76,898 बाइट. हेडरचे 257 आणि शेवटच्या खुणेचा 1 वजा करा, 96 ने भागा, 1,840 नोंदी येतात. हेडर 1,835 म्हणत असेल तर शेवटच्या पाच पावत्या फायलीत आहेत, प्रोग्रॅमला फक्त दिसत नाहीत. हेडरमधला आकडा दुरुस्त केला की त्या परत येतात. उलट हेडरमधला आकडा जास्त असेल तर नोंदी डिस्कपर्यंत पोचल्याच नाहीत, आणि अशी फाइल काही आवृत्त्या उघडायलाच नकार देतात. पुसलेली नोंदही लगेच जात नाही. तिच्या पहिल्या बाइटमध्ये तारांकन पडतं आणि ‘पॅक’ आज्ञा देईपर्यंत ती जागेवरच असते. म्हणून बिघडलेल्या फायलीवर कोणी उत्साहाने ‘पॅक’ चालवू नये.

आकडे जुळेनासे का व्हायचे? डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फायलीचा आकार एका ठिकाणी आणि तिचे तुकडे कुठे आहेत याची नोंद दुसऱ्या ठिकाणी असायची. मध्येच वीज गेली किंवा बटण बंद केलं की दोन्हींत तफावत. 1993 च्या डॉस 6 मध्ये स्मार्टड्राइव्ह हा कॅश प्रोग्रॅम, म्हणजे डेटा काही काळ मेमरीत धरून ठेवणारा प्रोग्रॅम, डिस्कवर लिहायचं काम थोडं लांबणीवर टाकायचा. कारकून ‘सेव्ह’ झालं म्हणून मशीन बंद करून लोकल गाठायला निघायचा, आणि शेवटच्या पावत्या मेमरीतच राहून जायच्या. त्याचा काही दोष नव्हता, पडद्यावर काम संपल्याचंच दिसत होतं. पुढे 6.2 आवृत्तीत लिहिणं पुरं झाल्याशिवाय पुढची आज्ञा घेणारा प्रॉम्प्ट परत द्यायचा नाही, असा बदल केला गेला. डिस्क तपासणाऱ्या ‘चेकडिस्क’ने उचललेले सुटे तुकडे FILE0000.CHK अशा नावांनी पडून राहत. ऑफिसातल्या जुन्या डिस्कवर त्या फायली दिसल्या तर पुसू नयेत, हरवलेल्या पावत्या कधी कधी त्यांतच असतात.

1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स कंपनी घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲक्सेस हे स्वतःचं डेटाबेस सॉफ्टवेअर बाजारात आणलं. आता तक्ते, फॉर्म, अहवाल सगळं एका एमडीबी फायलीत. वापरायला सोयीचं, पण बिघाड झाला की सगळंच एकदम अडकतं. बाजूला एलडीबी नावाची कुलपाची फाइल तयार होते. कोण आत आहे हे तिच्यावरून कळतं, आणि त्या फोल्डरमध्ये फाइल तयार करण्याची परवानगी नसेल तर पहिला गोंधळ तिथेच होतो. मुख्य फायलीच्या पहिल्या पानावर प्रत्येक वापरकर्त्यासाठी दोन बाइट राखलेले असतात. लिहिता लिहिता कोणाचं कनेक्शन तुटलं तर तिथली खूण तशीच राहते आणि पुढच्या वेळी ॲक्सेसला फायलीचा संशय येतो. 2018 मध्ये विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीनंतर नेटवर्कवरच्या ॲक्सेस फायली ‘इनकन्सिस्टंट स्टेट’ म्हणून अडू लागल्या. फायली शेअर करणाऱ्या मशीनवरची ‘लीझिंग’ ही फायलीचे भाग वापरकर्त्याच्या मशीनवर तात्पुरते धरू देणारी सोय बंद करा, असा तात्पुरता उपाय मायक्रोसॉफ्टने सुचवला. ॲक्सेस आल्यापासून 26 वर्षं लोटली होती, तरी फाइल तशीच उघड्यावर होती.

म्हणूनच दुरुस्तीचा क्रम मी कधी बदलू देत नाही. आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, मग फोल्डरची जशीच्या तशी प्रत घ्यायची आणि काम फक्त प्रतीवर करायचं. ॲक्सेसची दुरुस्तीची आज्ञा ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ न वाचता येणाऱ्या नोंदी टाकून देऊ शकते. अशा वेळी ‘एमसिसकॉम्पॅक्टएरर’ नावाचा, दुरुस्तीतल्या चुका नोंदणारा तक्ता तयार झालाय का ते बघावं. तरीही जमलं नाही तर नवी रिकामी फाइल घेऊन एकेक तक्ता आत आणावा. एखादा तक्ता अडला तर बहुधा लांब मजकुराचा मेमो रकाना बिघडलेला असतो. तो वगळून बाकीचे रकाने सुखरूप निघतात.

मराठी नावांचा मामला वेगळा आहे, आणि इथे हाती आलेला डेटाही लोक फेकून देतात. डॉसच्या काळात मराठी जिस्ट कार्डावर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी मशीनमध्ये बसवायच्या जोडकार्डावर चालायची. 1991 मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांच्या संकेतांचं मानक ठरलं, तरी विंडोजवर प्रत्येक फॉन्टची अंतर्गत मांडणी निराळी राहिली. ॲक्सेसमध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धती, आलं ते 2000 च्या आवृत्तीत. त्यामुळे सोडवलेल्या तक्त्यात सावंत, परब, म्हात्रे यांच्याऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. हा बिघाड नसतो. मूळ फॉन्ट लावला की नावं वाचता येतात, आणि नंतर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये नेता येतात. खरं नुकसान फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून परत सेव्ह केल्याने होतं. डीबीएफ हेडरच्या 29 व्या जागी कोडपेजची, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर दाखवतो त्या तक्त्याची, खूण असते. ती चुकीची धरली गेली तर प्रोग्रॅम मधले बाइट बदलून टाकतो, मग कुठलाच फॉन्ट कामाला येत नाही.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तळमजल्यावरच्या ऑफिसांतल्या मशीन पाण्यात गेल्या. भिजलेली डिस्क चालू करून बघायची नसते, ती जाणकाराकडे न्यायची.

व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती 2004 ची, तिला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी 2015 मध्ये संपला. प्रोग्रॅम अजून चालतात, म्हणून सोसायट्या ते बदलत नाहीत. सोडवलेला डेटा पुन्हा त्याच शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. एकाच मशीनवर काम असेल तर एसक्यूलाइट हे छोटं डेटाबेस सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते अर्धवट व्यवहाराची नोंद वेगळ्या जर्नल फाइलमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी उघडताना स्वतःच मागे घेतं. पण नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये तेही ठेवू नये, असं ते बनवणारेच सांगतात. तीन-चार मशीनवरून पावत्या फाडायच्या असतील तर पोस्टग्रेएसक्यूएलसारखा सर्व्हर बसवावा, आणि जुन्या डीबीएफची मूळ प्रत नमुना ‘आय’च्या वहीसोबत कपाटात ठेवावी.