एकच स्वर, सरकता षड्ज

बोसा नोव्हा म्हणजे उपाहारगृहात मागे मंद आवाजात चालू असलेले, ऐकायला गोड आणि वाजवायला सोपे संगीत, असा समज बराच पसरलेला आहे. रिओ दी जानेरो येथे 1950च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेल्या या शैलीतील एखादी रचना गायकाविना आणि साथीविना, एकट्या गिटारवर वाजवून पाहिली की हा समज टिकत नाही. अंगठ्याने ठोक्यावर खर्जाचे स्वर धरायचे, त्याच हाताच्या बोटांनी ठोक्याच्या आगेमागे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, छेडायच्या आणि वरच्या तारांवर चालही गात ठेवायची, हे सारे एकाच वेळी करावे लागते. तरीही मला त्याहून विलक्षण वाटते ते श्रोत्याच्या कानात घडणारे काम. ते समजून घेण्यासाठी अंतोनियो कार्लोस जोबिम आणि न्यूटन मेंदोन्सा या ब्राझिलियन रचनाकारांच्या, गायक-गिटारवादक जोआव जिल्बेर्तो यांनी 1960 साली ध्वनिमुद्रित केलेल्या, ‘एका स्वराचा सांबा’ (वन नोट सांबा) या गाण्याइतके चांगले उदाहरण नाही.

या रचनेच्या पहिल्या भागात चाल बराच काळ एकाच स्वरावर थांबलेली असते. गिटारवर सोयीच्या पट्टीत तो स्वर, पाश्चात्त्य नावाने, डी येतो आणि त्याखालचा खर्ज बी, बी फ्लॅट, ए, ए फ्लॅट असा अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरतो. प्रत्येक वेळी खर्जालाच षड्ज मानले, तर सप्तकाचा फरक सोडून तोच डी आधी कोमल गंधार, मग शुद्ध गंधार, नंतर शुद्ध मध्यम आणि शेवटी तीव्र मध्यम होतो. आपल्या मैफलीत तानपुऱ्याचा षड्ज स्थिर असतो आणि गायक त्यावर फिरतो. येथे गायक जागेवर उभा आहे आणि षड्ज सरकतो आहे.

न बदललेला स्वर बदलल्यासारखा का वाटतो, याचे एक कारण उपस्वरांमध्ये आहे. छेडलेली तार मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांनीही कंप पावते. डीची वारंवारता सुमारे 293.7 हर्ट्झ, म्हणून त्याचा दुसरा उपस्वर 587.3 वर येतो. खालच्या बी फ्लॅटची वारंवारता 116.5, त्याचा पाचवा उपस्वर 582.7 वर. या दोन जवळजवळ जुळलेल्या कंपनांमुळे सेकंदाला चार-पाच विस्पंद निर्माण होतात, म्हणजे आवाज हलकेच लहरतो. खर्ज 110 हर्ट्झच्या ए वर आला की त्याचा आठवा उपस्वर 880 वर आणि डीचा तिसरा 881 वर पडतो, त्यामुळे लहर जवळजवळ थांबते. ए फ्लॅटवर मात्र असा मेळ खालच्या उपस्वरांत सापडत नाही. उलट त्याचा तिसरा उपस्वर, 311.5 हर्ट्झ, डीच्या अगदी शेजारी येतो आणि सेकंदाला सुमारे अठरा वेळा होणारी ही थरथर कानाला लहर न वाटता खरखर वाटते. अर्थात कान केवळ उपस्वर मोजत नाही. ऐकण्याच्या सवयीचाही त्यात मोठा वाटा असतो.

यात सारा खेळ गुणोत्तरांचा आहे. वाद्य जुळवण्याचा प्रमाण स्वर ए 440 ऐवजी 432 हर्ट्झला लावल्यास मन शांत होते, रोग बरे होतात, असे दावे समाजमाध्यमांवर सर्रास केले जातात. त्या बदलाने सगळ्या तारा सुमारे 1.8 टक्क्यांनी खाली येतात, त्यांची परस्पर गुणोत्तरे तशीच राहतात आणि गंधाराचा गंधारच राहतो. त्या आकड्यात औषधी गुण असल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

वादकासाठी ही मांडणी फार देखणी आहे. डी दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील आडव्या पट्टीवर) धरून ठेवायचा. खर्ज पाचव्या तारेवर आणि कॉर्डमधला आणखी एक स्वर, खर्जापासूनचा कोमल निषाद, तिसऱ्या तारेवर, दोन्ही सारखेच दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्यावर आणि तेथून मोकळ्या तारेवर उतरतात. चौथ्या कॉर्डला खर्ज सहाव्या तारेच्या आणि निषाद चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर जातो, तेव्हा करंगळीने धरलेला डी तर्जनीकडे सोपवावा लागतो. ही अदलाबदल आधीच्या ए वरच, म्हणजे खर्ज आणि निषाद मोकळ्या तारांवर असताना, डीच्या दोन आघातांच्या मधल्या अवकाशात उरकावी. त्या वेळी डाव्या हाताला दुसरे काम नसते आणि चाल तुटत नाही.