पासपोर्ट नाही, मतदारयादी बघतात

‘ब्रिटिश पासपोर्ट नसेल तर तिथल्या पक्षाला देणगी देता येत नाही’ हा समज जुना आहे, आणि चुकीचा. २००० सालच्या कायद्यात कसोटी मतदारयादीची आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे वैध व्हिसावर लंडनमध्ये राहणारा मराठी माणूस भारतीय पासपोर्टवरही यादीत नाव घालू शकतो, मग पक्षाला हजार पौंडही देऊ शकतो. यादीत नसलेल्या पुण्यातल्या काकांनी तेवढेच पाठवले, तर मात्र पक्षाने ३० दिवसांत परत करायचे. (५०० पौंडांपर्यंतची रक्कम हा कायदा देणगी म्हणून मोजतच नाही!) खरी फट कंपन्यांची. ब्रिटनमध्ये नोंदणी आणि तिथे व्यवसाय, एवढं या कायद्याला पुरलं. मालक कुठला, हे त्याने विचारलंच नाही.