आडवी चादर, उभा कॅमेरा

आमच्या ताईला चादरींचे फोटो हवे होते, गिऱ्हाइकांना मोबाइलवर पाठवायला. भाचीनं कपाटातला जुना डिजिटल कॅमेरा काढला, अंगणातल्या दोरीवर चादर पसरली आणि बटण अर्धं दाबलं. लेन्स कुरकुरत पुढे गेली, मागे आली, पडद्यावरची चौकट लाल. पुन्हा तेच.

"मामा, हा कामातून गेलाय."

चादर मरून-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची होती. मी कॅमेरा उभा धरून बटण अर्धं दाबलं. टिंग! चौकट हिरवी, म्हणजे फोकस जुळला. तसंच दाबून ठेवत, म्हणजे जुळलेला फोकस हलू न देता, कॅमेरा आडवा केला आणि फोटो काढला. वीणसुद्धा दिसली.

यात जादू नाही. कॅमेऱ्याला चादर कळत नाही, फोकसही कळत नाही. त्याला एवढंच मोजता येतं, की शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या उजेडात फरक किती. चित्र पुसट असलं की मरून कड हळूहळू पांढऱ्यात विरते, फरक थोडा भरतो. फोकस जुळला की कड धारदार होते, फरक वाढतो. म्हणून लेन्स जराशी सरकवायची, मोजायचं, पुन्हा सरकवायची. आकडा वाढत जातो, एका जागी सर्वांत मोठा होतो आणि उतरायला लागतो. उतरल्याशिवाय शिखर मागे पडल्याचं कळणार कसं? म्हणून लेन्स थोडी पुढे जाऊन परत येते. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना काटा पुढे नेऊन मागे आणायचो, तेच हे.

बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत ही मोजणी ठिपक्यांच्या आडव्या ओळींवरच होते. आडव्या पट्टीवरून ओळीनं चालत जा: मरून लागला की शेवटपर्यंत मरूनच. फरक शून्य! कॅमेरा उभा केला की तीच ओळ पट्ट्यांना काटत जाते, मरून, पांढरा, मरून, पांढरा. वीण तरी दिसायला हवी होती की, असं भाची म्हणाली. पण वीण दिसायला आधी फोकस जवळपास तरी जुळलेला लागतो, आणि तोच तर अडला होता.

एकदा हे कळलं की कॅमेऱ्याचे बाकीचे रुसवेही उलगडतात. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीनंच चौकट भरली तर कॅमेरा गोंधळणार. तिथं चेहरा नाहीतर बाराबंदीची कड धरावी. सात उंचच उंच नंदीध्वजांपैकी एखादा टिपायचा, तर फोटोही उभाच हवा. रात्रीच्या शोभेच्या दारूकामाला डोंगराचं, म्हणजे लांबच्या फोकसचं, चिन्ह निवडून मोकळं व्हावं, नाहीतर लेन्स अंधारात चाचपडत बसते आणि बाण विझून जातो. नान्नजच्या माळरानावर आणखी वेगळी गंमत: काढायला जावं हरीण आणि फोकस लागावा पुढच्या गवताच्या काडीवर. काडीची कड जास्त ठळक, एवढाच तिचा गुन्हा.

सर्वांत जास्त फोटो मात्र सिद्धेश्वर तलावाकाठीच बिघडतात. नवराबायको कठड्याला टेकून उभे, मधून मागचं देऊळ दिसतंय, आणि फोकसची चौकट नेमकी दोघांच्या मधल्या फटीत. देऊळ स्वच्छ, माणसं धूसर. उपाय तोच: चौकट एकाच्या चेहऱ्यावर नेऊन बटण अर्धं दाबायचं, धरून ठेवायचं, मग हवी तशी रचना जुळवून पूर्ण दाबायचं. मधे आपण एक पाऊलही पुढे सरकायचं नाही. सरकलात तर बटण सोडून पुन्हा पहिल्यापासून.

झूम न करता काढला तर हा घोटाळा सहसा होत नाही. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा तुकडा, बहुधा 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम हरभऱ्याएवढा. त्यासमोरच्या लेन्सची नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) साडेचार मिलिमीटरच्या आसपास. अशा लेन्सचा फोकस दीड मीटरवर लावला, तर पाऊण मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सारं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. दहापट झूम केलं की गणित उलटतं. दहा मीटरवरच्या माणसाच्या पुढचं-मागचं मिळून तीनेक मीटरच स्पष्ट राहतं, पल्याडचं देऊळ विरघळतं. मला तर विरघळलेलं देऊळ आवडतं, पण यात्रेला आलेल्या पाहुण्यांना ते पटत नाही.

काही कॅमेऱ्यांना लेन्सच्या वर पाहायची बारीक खिडकी असते. ती दाखवते एक आणि लेन्स पाहते त्याच्या किंचित खालचं. लांबून फरक पडत नाही. पण हातभर अंतरावरून पोराचा फोटो घेतला की खिडकीत पूर्ण दिसणारं डोकं फोटोत कापलं जातं. 1995 साली कॅसिओच्या क्यूव्ही-10 या कॅमेऱ्यानं पाठीवर पडदा आणला, आणि लेन्सला दिसेल तेच माणसाला दिसू लागलं. सोलापूरच्या एप्रिलमधल्या दुपारी मात्र त्या पडद्यावर फक्त आपलंच घामेजलेलं तोंड दिसतं, तेव्हा ती खिडकीच बरी वाटते.

चादरी संपल्यावर भाचीनं टॉवेल काढले. पांढरेशुभ्र, ना पट्टी ना फूल. कॅमेरा आडवा धरला, उभा धरला, चौकट लालच. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी गप्प. मग तिनं चौकट दोरीवरच्या निळ्या चिमट्यावर नेली, टिंग ऐकलं, आणि बोट तसंच दाबून कॅमेरा हळूच खाली आणला.