‘डू’चं ओझं: गेला नाही, होगलिल्ल, डिड नॉट गो

‘ही डिड नॉट वेंट.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत इंग्रजीच्या वह्या तपासायला घेतल्या की हे वाक्य हमखास भेटतं. ‘वेंट’वर लाल रेघ येते, वर ‘गो’ लिहिलं जातं, आणि पुढच्या चाचणीत वेंट पुन्हा हजर. ‘डिडनंतर क्रियापदाचं पहिलं रूप’ हा नियम मुलांना तोंडपाठ असतो. तरी चूक जात नाही, कारण डिड तिथे कशासाठी आलं आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

इंग्रजीत ‘डू’ दोन आहेत. ‘हाऊ डू यू डू?’ या जुन्या वळणाच्या अभिवादनात दोन्ही शेजारी सापडतात. दुसऱ्या डूला अर्थ आहे: निभणं, चालणं, ‘कसं काय चाललंय’मधलं चालणं. ‘दॅट विल डू’ म्हणजे ‘तेवढं पुरे’, इकडच्या कन्नडमध्ये ‘साकु’, आणि ‘डू विदाऊट’ म्हणजे एखाद्या गोष्टीवाचून भागवणं, हे त्याच अर्थाचे फाटे. पहिल्या डूला मात्र अर्थच नाही. ते फक्त काळ आणि पुरुष वाहायला उभं आहे.

हे वाहणं म्हणजे काय ते पाहू. ‘ही गोज’ या वाक्यात ‘गो’ला जोडलेला ‘ज’ वर्तमानकाळ आणि तृतीय पुरुष एकवचन दाखवतो. वाक्य नकारार्थी करताना ‘नॉट’ मध्ये येतो आणि हे ओझं ‘गो’वर राहू शकत नाही. ते उतरवून ‘डू’च्या पाठीवर टाकलं की डू-चं ‘डझ’ होतं आणि गो मोकळं राहतं: ‘ही डझ नॉट गो’. भूतकाळात ‘वेंट’ म्हणजे गो अधिक भूतकाळ. भूतकाळ उचलून डूवर ठेवला की डिड, खाली उरलं गो. ‘डिड नॉट वेंट’मध्ये तेच ओझं दोघांच्या पाठीवर आहे.

मराठी मुलाला ही युक्ती नवी वाटायचं कारण नाही. ‘ते येतात’चा नकार ‘ते येतात नाहीत’ असा कुणी करत नाही. आपण ‘ते येत नाहीत’ म्हणतो. ‘येतात’मधलं अनेकवचन निघालं, ‘नाही’वर जाऊन ‘नाहीत’ झालं आणि ‘येत’ मोकळं राहिलं. तू येतोस, तू येत नाहीस: ‘स’ कुठून उठून कुठे बसला ते बघा. ‘ही डझ नॉट कम्स’ हे वाक्य इंग्रज कानाला किती खटकतं ते कळायला ‘ते येतात नाहीत’ एकदा मोठ्याने म्हणावं.

मग वर्तमानकाळात बऱ्यापैकी जमणारं मूल भूतकाळात का अडखळतं? कारण भूतकाळात मराठी अर्धंच ओझं हलवते. ‘तू गेलास’चं ‘तू गेला नाहीस’ होतं. पुरुष दाखवणारा ‘स’ नाहीवर गेला, पण भूतकाळ ‘गेला’तच राहिला. ‘गेला नाही’ असं ज्याच्या कानात आहे, त्याच्या हातून ‘डिड नॉट वेंट’ उतरणं साहजिक आहे. दोष केवळ मराठीचा नाही, हेही सांगायला हवं. इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलंसुद्धा बोलायला शिकताना भूतकाळ असा दोनदा लावतात.

सीमाभागातल्या मुलाकडे इथे एक जादा सोय आहे, जी साताऱ्याच्या मुलाकडे नसते. कन्नडमध्ये ‘तो गेला’ म्हणजे ‘अवनु होदनु’, आणि ‘तो गेला नाही’ म्हणजे ‘अवनु होगलिल्ल’. ‘होदनु’तलं भूतकाळी रूप नकारात पुरतं गळून पडतं. ‘होगु’ या मूळ धातूचं ‘होगल’ आणि पुढे ‘इल्ल’. पुरुषसुद्धा गेला: नानु होगलिल्ल, अवरु होगलिल्ल, रूप एकच. ‘आय डिड नॉट गो, दे डिड नॉट गो’चा साचा हाच. शाळेत कन्नड शिकणाऱ्या मुलाला ‘गेला नाही’च्या जोडीला ‘होगलिल्ल’ फळ्यावर लिहून दाखवलं, तर ‘गो’ उघडं का राहतं ते डोळ्यांना दिसतं. कन्नडचा तास आणि इंग्रजीचा तास एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून ही सोय वाया जाते.

प्रत्यक्ष वाक्य करताना आधी बघायचं की ओझं उचलणारं कुणी अगोदरच आहे का. इज, आर, वॉज, कॅन, विल, मस्ट, किंवा ‘हॅज गॉन’मधला हॅज असेल तर डूला बोलवायचं नाही. ‘डू यू कॅन’ चुकतं ते म्हणून. तसं कुणी नसेल तर क्रियापदातून काळ सोडवायचा, तो डूवर चढवायचा, आणि प्रश्न असेल तर डू कर्त्याच्या आधी न्यायचं. ही शेवटची पायरी आपल्याला परकी आहे. मराठीत ‘का’ वाक्याच्या शेवटी येतो, कन्नडमध्ये ‘अवरु बर्तारा?’ असा शेवटचा स्वर लांबतो. दोघांचाही प्रश्न शेपटीकडे, इंग्रजीचा डोक्याकडे. म्हणून ‘यू वेंट टु निपाणी?’ असं आवाज चढवून काम भागवण्याकडे कल असतो. बोलण्यात ते खपतं, उत्तरपत्रिकेत नाही.

दोन ठिकाणं नेहमी फसवतात. ‘कोण आलं?’ या प्रश्नात ‘कोण’ हाच कर्ता आहे, काहीच हलवावं लागत नाही, म्हणून डूही लागत नाही: ‘हू केम?’ ‘हू डिड कम?’ हे साध्या प्रश्नाला चालत नाही, त्यात ‘मग आलं तरी कोण?’ असा जोर येतो. दुसरं, ‘बी’ला एरवी डू चालत नाही, पण मनाईत चालतं: ‘डोन्ट बी लेट’. हा अपवाद पाठच करावा.

आता मुळाकडे. डू हा संस्कृत ‘धा’ धातूचा नातलग आहे. दधाति म्हणजे ठेवतो. विधान, निधी, संधी, समाधान ही सगळी ‘धा’ची प्रजा. संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातला ‘ध’ जर्मानिक म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या शाखेत ‘ड’ झाला, म्हणून मध्य तिकडे मिड आणि विधवा तिकडे विडो. हे नियमित बदल याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये सूत्रात बसवले. ठेवणं, घालणं यातून ‘करणं’ हा अर्थ पुढे आला. लॅटिनमध्ये त्याच धातूला ‘क’ जोडून ‘फाकेरे’ झालं, त्यातून फॅक्टरी आणि फॅक्ट आले. आणि ‘श्रद्धा’ व लॅटिन ‘क्रेदो’, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’, एकाच जोडशब्दापासून निघाले, म्हणजे गल्लीतल्या क्रेडिट सोसायटीच्या पाटीवर श्रद्धेची चुलत बहीण बसली आहे! आपलं ‘करणे’ मात्र ‘कृ’पासून आलेलं, त्याचा डूशी संबंध नाही. कन्नड ‘माडु’ तर द्राविड कुळातलं.

‘डिड’ हे रूप धातूची द्विरुक्ती होऊन बनलं, ‘दधाति’मध्ये ‘द’ आधी येतो तसंच. बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की इंग्रजी भूतकाळाचा ‘-एड’ प्रत्यय म्हणजे क्रियापदाच्या मागे चिकटून झिजलेलं हेच डिड. तसं असेल तर ‘वॉक्ड’च्या पोटात डिड आधीच आहे, आणि ‘डिड वॉक्ड’मध्ये ते दोनदा येतं.

नकाराला आणि प्रश्नाला डू लावायची सक्ती मात्र जुनी नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये रानफुलांबद्दल ‘दे टॉइल नॉट, नीदर डू दे स्पिन’ असं आहे: ती कष्टत नाहीत, सूतही कातत नाहीत. एकाच वाक्यात पहिला नकार डूविना आणि दुसरा डूसह. स्वीडिश अभ्यासक अल्वार एलेगोर्ड यांनी १९५३ मध्ये शेकडो वर्षांच्या गद्यातली उदाहरणं मोजून हा बदल दाखवला. डू आधी नकारार्थी प्रश्नांत मोठ्या प्रमाणात घुसलं, साध्या नकारात सावकाश. साध्या होकारार्थी वाक्यांतही सोळाव्या शतकात ते बरंच वाढलं होतं, पण तिथून मागे हटलं. आज तिथे ते उरलं आहे ते जोर द्यायला. ‘आय डू कम’ म्हणजे ‘मी येतोच’. मराठीचा ‘च’ एका अक्षरात जे करतो त्यासाठी इंग्रजीला आख्खं क्रियापद लागतं.

हे डू आलं कुठून यावर एकमत नाही. एक मत असं की ते आधी ‘करवणे’ या अर्थाचं होतं, आपल्या ‘बांधवलं’सारखं, आणि ‘राजाने किल्ला बांधवला’ म्हणजे शेवटी राजानेच बांधला, असं होत होत अर्थ विरला. दुसरं मत शेजारच्या वेल्श भाषेकडे बोट दाखवतं. तिथेही ‘करणे’चं क्रियापद साहाय्यक म्हणून चालतं. शेजारामुळे व्याकरण बदलतं यात सीमाभागाला नवल वाटू नये. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये मिरजेजवळच्या कुपवाडच्या बोलींवर लिहिलं, तेव्हा तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू ‘पाला जरा कापून घेऊन आलो’सारख्या वाक्यात तुकड्याला तुकडा जुळत होती. शब्द आपापले, मांडणी एकच.

या शेजारधर्माचा इंग्रजीत एक तोटा होतो. ‘करणे’ आणि ‘माडु’ दोन्ही सर्वभक्षी आहेत. चहा कर, चूक कर, गृहपाठ कर. तिकडे चहा माडु, तप्पु माडु, केलसा माडु. इंग्रजी या कामाची वाटणी डू आणि मेक यांच्यात करते आणि आपल्या दोन्ही भाषा त्यात काडीची मदत करत नाहीत. ‘एक काम कर’ आणि ‘वंदु केलसा माडु’ या दोघांच्या एकमताने ‘डू वन थिंग’ तयार झालं. ते भारतीय इंग्रजी म्हणून ठीक आहे, ‘डू अ मिस्टेक’ ठीक नाही. कामचलाऊ कसोटी अशी: काम संपल्यावर वेगळं काही उरलं का? चहा, यादी, आवाज, चूक, निर्णय उरतात, तिथे मेक. गृहपाठ, धुणी, खरेदी, कर्तव्य ही नुसती पार पडतात, तिथे डू. ही कसोटी ‘मेक अ कॉल’ आणि ‘मेक द बेड’ला लागू पडत नाही. ते तसेच शिकावे लागतात.

डिड नॉट वेंटवरचा सर्वांत सोपा उतारा मात्र मोबाइलमध्ये आहे. इंग्रजी क्रियापद मराठीत घेताना आपण ते उघडंच ठेवतो आणि काळ ‘करणे’वर चढवतो: सेव्ह करतो, सेव्ह केलं, सेव्ह करतील. ‘सेव्ह्ड केलं’ असं म्हणणारं मूल सापडणार नाही. कन्नडमध्येही सेव्ह माडिदे, सेव्ह माडलिल्ल. इथे ‘केलं’ आणि ‘माडिदे’ नेमकं डिडचं काम करतात, फक्त मागे उभं राहून. फळ्यावर ‘सेव्ह केलं नाही’ लिहावं आणि त्याखाली शब्दाला शब्द जुळवायला लावावं. ‘केलं’ पुढे येऊन डिड, ‘नाही’ नॉट, सेव्ह तसंच सेव्ह. मग सेव्हच्या जागी फोन, चार्ज, डिलीट घालावं, आणि सवय झाली की शेवटी गो.