जुने गोवे: से कॅथेड्रल कुठलं आणि सेंट फ्रान्सिसचं चर्च कुठलं?

बॉम जीझस बॅसिलिकामधून बाहेर पडून रस्ता ओलांडला की हिरवळीच्या पलीकडे पांढऱ्या भिंतींची लांबलचक रांग दिसते. बहुतेक पर्यटक ती सगळी एकच इमारत समजतात, से कॅथेड्रल पाहून होतं आणि पावलं गाडीकडे वळतात. खरं तर तिथे दोन स्वतंत्र चर्च आहेत. से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला, असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चचं पश्चिमेला, आणि दोघांना जोडणारा आर्चबिशपचा जुना वाडा मध्ये.

दोन्ही जांभ्या दगडाची, वरून चुन्याचा गिलावा, त्यामुळे लांबून फरक कळत नाही. पण एक बांधलं पोर्तुगालच्या राजसत्तेने, आर्चबिशपच्या इतमामाला साजेसं. दुसरं होतं मठातल्या फ्रान्सिस्कन संन्याशांचं. बाकीचे बरेच फरक इथूनच निघतात.

पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला तो 25 नोव्हेंबर 1510 ला, सेंट कॅथरिनच्या सणादिवशी. म्हणून कॅथेड्रल तिच्या नावाने. आजच्या इमारतीचं काम 1562 मध्ये सुरू झालं आणि मुख्य बांधकाम 1619 पर्यंत चाललं. म्हणजे सुरुवात पाहिलेल्या गवंड्यांपैकी शेवट पाहायला क्वचितच कोणी उरला असेल. आत शिरल्यावर आधी जाणवते ती उंची: मधला प्रशस्त भाग, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यापलीकडे छोटी प्रार्थनास्थळं, आणि टोकाला सोन्याचा मुलामा दिलेली भव्य वेदी. तिच्यावर सेंट कॅथरिनच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरले आहेत. बाहेरून मात्र इमारत चक्क लंगडी दिसते, कारण दोन बुरुजांपैकी उत्तरेकडचा 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा कधी उभारलाच नाही. उरलेल्या चौकोनी बुरुजात प्रसिद्ध ‘सोनेरी घंटा’ आहे.

सेंट फ्रान्सिसच्या चर्चचे बुरुज दोन्ही शाबूत आणि अष्टकोनी आहेत. ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. फ्रान्सिस्कन गोव्यात आले 1517 मध्ये. त्यांचं चर्च 1521 मध्ये झालं. ते पुढे पाडून 1661 मध्ये त्याच जागी आजचं उभं केलं, पण जुना दरवाजा तेवढा ठेवला. तो अजिबात चुकवू नका. पांढऱ्याशुभ्र दर्शनी भिंतीत काळ्या दगडाची नक्षीदार चौकट, वर मुकुट आणि शेजारी कड्यांनी बनलेले खगोलगोल. हा गोल म्हणजे पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याचं चिन्ह. त्याच्याच काळात पोर्तुगीज जहाजं हिंदुस्थानात पोहोचली. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मॅन्युएलाइन शैलीचा नमुना भारतात फार कमी ठिकाणी उरला आहे. माझ्या मते साऱ्या आवारात पाहण्यासारखी पहिली गोष्ट हीच, आणि गर्दी असते ती नेमकी दुसऱ्या बाजूला.

आत खांबांच्या रांगा नाहीत. एकच सलग दालन, त्यामुळे नजर थेट वेदीवर जाते. तिथे क्रुसावरचा येशू आणि त्याच्याजवळ सेंट फ्रान्सिस. खाली संन्याशांची तीन व्रतं लिहिली आहेत: दारिद्र्य, नम्रता आणि आज्ञापालन. भोवती मात्र सोनेरी कोरीवकामाचा थाट, म्हणजे दारिद्र्याचं व्रत भिंतींना लागू नसावं! वेदीच्या बाजूच्या भिंतींवर लाकडी फलकांत संताचं चरित्र रंगवलं आहे. चालताना पायाखाली पाहा, फरशीत सरदार-मानकऱ्यांच्या चिन्हांकित थडग्यांचे दगड आहेत.

इथे आणखी एक घोटाळा हमखास होतो. हा फ्रान्सिस म्हणजे इटलीतल्या असिसीचा, तेराव्या शतकात वारलेला. ज्याचं शव बॉम जीझसमध्ये आहे तो फ्रान्सिस झेवियर सोळाव्या शतकातला, जेझुइट पंथाचा.

मठाचं पुढे काय झालं? 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले धार्मिक पंथ बरखास्त केले आणि संन्याशांना इथून जावं लागलं. आता त्या इमारतीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे: वीरगळ, हिंदू मूर्ती, पोर्तुगीज व्हाइसरॉयांची तैलचित्रं आणि पूर्वी पणजीत असलेला आल्बुकर्कचा पुतळा. कॅथेड्रल मात्र आजही आर्चबिशपचं आसन आहे आणि तिथे नियमित मिस्सा (ख्रिस्ती सामूहिक उपासना) होते, तेव्हा आत बोलताना आवाज बेताचा ठेवा. फिरायला सुरुवात करायचीच असेल तर वळसा घालून आधी पश्चिमेकडे जा, काळ्या दरवाजापाशी.